स्टेनलेसची धार का जाईना

गोदामात त्यांना सगळे पोलादराव म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती, हे त्यांनी कधी तपासून पाहिलं नाही. मिक्सर, पंखे आणि इस्त्र्या विकणाऱ्या एका मोठ्या दुकानाच्या मागच्या गोदामात ते आलेला माल उघडायचे, म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत खोकी फाडायचे. बाकीचे लोक हे काम दुकानाकडून मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या कटरने उरकत. पातं बोथट झालं की त्याचं टोक मोडून फेकायचं आणि पुढे चालायचं. पोलादरावांना ते बघवत नसे. धार गेली म्हणून मोडून टाकायचं, हा त्यांना माणुसकीचा प्रश्न वाटायचा. ते खिशातून स्वतःचा घडीचा चाकू काढत, अंगठ्याने पातं उघडत, त्याचा 'टक्' असा आवाज कान देऊन ऐकत आणि मग खोक्याला हात घालत. तोवर शेजारच्याची दोन-तीन खोकी उघडून झालेली असत.

या माणसाला घरीदारी कुणी कधी काही विचारत नसे. पडद्यांचा रंग बायको ठरवायची, रजा साहेब ठरवायचे, आणि टीव्हीवर काय बघायचं ते सासरे ठरवायचे, जे गेल्या वर्षीपासून त्यांच्याकडेच राहायला आले होते. पोलादरावांची या कशालाच हरकत नव्हती. त्यांच्या शब्दाला जगात एकाच ठिकाणी वजन होतं, आणि तेवढं त्यांना पुरत होतं. ते ठिकाण म्हणजे कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानाचा कट्टा.

दर रविवारी सकाळी तिथे चाकूवेड्यांची बैठक भरे. त्यात एक दंतवैद्य होते आणि एक इलेक्ट्रिशियन होता. दुकानदार स्वतः वेडा नव्हता, पण वेड्यांना स्टूल आणि चहा पुरवण्यात त्याचा फायदा होता. दंतवैद्यांच्या चाकूचं पोलाद एम थ्री नाइन्टी. ते ज्या थाटात हे नाव घ्यायचे, त्या थाटात लोक आपल्या घराण्याचं नाव घेतात. इलेक्ट्रिशियनचा चाकू एस थर्टी व्ही पोलादाचा. पोलादरावांचा आपला साधा डी टू. या तिघांत धार जास्त कुणाची टिकते यावरून एकदा अशी जुंपली, की दंतवैद्य आणि इलेक्ट्रिशियन एकमेकांशी बोलेनासे झाले. एका कट्ट्यावर बसून न बोलणं अवघड, म्हणून दोघंही पोलादरावांकडे तोंड करून बोलत.

"यांना सांगा, वायर सोलणं वेगळं आणि पोलाद कळणं वेगळं," दंतवैद्य म्हणत.

"आणि यांना सांगा, मी सोललेली वायर ओरडत नाही," इलेक्ट्रिशियन म्हणे.

शेवटी ठरलं की पोलादरावांनी सगळे चाकू घरी न्यावेत, शास्त्रशुद्ध परीक्षा घ्यावी आणि ते सांगतील ते सगळ्यांनी मान्य करावं. दुकानदार म्हणाला, "तुम्ही ज्याचं नाव घ्याल तो मी काचेच्या कपाटात मधोमध ठेवीन." मग त्याने गल्ल्याशेजारच्या बरणीतून एक स्वस्तातला चाकू काढून पुढे सरकवला. त्याच्या पात्यावर नुसतं 'स्टेनलेस' एवढंच कोरलेलं होतं. "हाही असू दे सोबत. शेवटचा नंबर कुणाचा तरी यायला हवा ना." सगळे हसले. पोलादराव मात्र घरी जाताना छाती पुढे काढून चालत होते.

परीक्षा अशी होती. रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर गोदामातून आणलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापायच्या, प्रत्येक चाकूला सारखाच पुठ्ठा. मग वर्तमानपत्राचा कागद उभा धरून पातं वरून खाली ओढायचं. कागद सरसर कापला गेला तर धार आहे, फरफटत फाटला तर गेली. शंका आलीच, तर डाव्या हातावरचे केस भादरून बघायचे. परीक्षा रंगात आली तेव्हा पोलादरावांचा डावा हात कोपरापर्यंत गुळगुळीत आणि उजवा अस्वलासारखा होता. भर उन्हाळ्यात ते पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून कामावर जात.

बायकोने पुठ्ठ्याचा भुसा सहन केला. नव्या मिक्सरचं खोकं वॉरंटीच्या कागदासकट कापलं गेलं, तेही सहन केलं. पण दोरीवरची चाचणी घ्यायची म्हणून त्यांनी गॅलरीतली कपड्यांची दोरी कापली आणि धुतलेल्या चादरी खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या कुंड्यांवर जाऊन पडल्या, तेव्हा तिने फर्मान काढलं.

"अहो, तुमचे चाकू एका डब्यात राहतील आणि डबा कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर राहील. बाबांचा हात तिथवर पोचता कामा नये."

हे बाबांचं प्रकरण जुनं होतं. सासऱ्यांनी सारा जन्म सलून चालवलं होतं. त्यांचा वस्तरा फिरला नाही असा गाल त्या भागात शोधून सापडला नसता. पण म्हातारपणी हाताला कंप सुटला, आणि एका सकाळी दाढी करताना त्यांनी स्वतःच्याच हनुवटीवर असा काही वार केला की बेसिन बघून मुलगी मटकन खाली बसली. त्या दिवसापासून वस्तरा जप्त झाला. घरातली सुरी, कात्री, इतकंच काय पेन्सिलीचं टोकयंत्रसुद्धा कुलपात गेलं. दाढीला एक गुरगुरणारं मशीन आलं, आणि ते चालवायचं काम जावयाकडे आलं. ज्याने गावाच्या दाढ्या केल्या तो माणूस दिवसाआड मान वर करून डोळे मिटून बसायचा. त्यांचं जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं. टीव्हीवर काय चाललंय ते बघेनासे झाले, फक्त चॅनेल बदलत राहायचे. मुलीने टॉनिकची बाटली आणली, आणि हल्ली ते पुन्हा दोन घास जास्त खाऊ लागले होते. टॉनिक लागू पडलं असं पोलादरावांनी सगळ्यांना सांगितलंही होतं.

इकडे परीक्षेत मात्र भलतंच घडत होतं. आधी डी टू गळाला. आपलाच चाकू असून पोलादरावांनी त्याला एका कागदाचीही सवलत दिली नाही. मग एस थर्टी व्ही फरफटू लागला. एम थ्री नाइन्टीही थकत चालला. आणि तो बरणीतला स्टेनलेस? तो कागदातून असा जात होता जणू कागद त्याची वाटच बघत होता. पोलादरावांनी चष्मा पुसला. पुठ्ठा बदलला. डाव्या हातावर केस उरले नव्हते म्हणून पायजमा वर करून पोटरी भादरली. स्टेनलेसची धार जाईना. इतकी वर्षं पोलादाबद्दल जे वाचलं, जे छातीठोकपणे सांगितलं, ते सगळं एका बरणीतल्या चाकूने खोटं पाडलं होतं.

त्यांना दोन रात्री झोप लागली नाही. पण माणूस सरळ. जे दिसलं ते सांगायचं, असं त्यांनी ठरवलं, आणि ठरवल्यावर त्यांना स्वतःच्या सरळपणाचं इतकं कौतुक वाटलं की गुरुवारी कपड्यांची नवी दोरी आणायला गेले असता त्यांनी दुकानदाराच्या कानात ते सांगूनही टाकलं. दुकानदाराने डोळे मोठे केले. "पक्कं?" त्याने विचारलं. "माझा शब्द आहे," पोलादराव म्हणाले. दुकानदाराने त्याच संध्याकाळी खोकंभर स्टेनलेस मागवले.

शनिवारी गोदामातली वीज गेली आणि सगळ्यांना दुपारीच सोडलं. पोलादराव घरी आले तेव्हा बायको बाजारात गेली होती. आतल्या खोलीतून एका लयीत आवाज येत होता. सप्, सप्. सप्, सप्. त्यांनी दारातून डोकावलं.

खिडकीच्या गजाला सासऱ्यांनी स्वतःचा कमरेचा चामड्याचा पट्टा अडकवला होता. डाव्या हाताने त्याचं दुसरं टोक ताणून धरलं होतं आणि उजव्या हातातला स्टेनलेस चाकू ते त्यावर पाजळत होते, एकदा वर, एकदा खाली, पातं उलटवून पुन्हा वर. हात कापत होता, पण काम आपलं निवांत चाललं होतं. पट्टा गजाला असल्यामुळे विजार मात्र निराधार झाली होती, आणि ती ते एका कोपराने कशीबशी सावरत होते.

"बाबा," पोलादराव म्हणाले.

म्हाताऱ्याने चटकन चाकू पाठीमागे लपवला. त्यासरशी कोपर सुटलं आणि विजार खाली गेली. जावयाने आधी विजार वर करून दिली, पट्टा काढून कमरेला बांधला, आणि मगच दोघांना एकमेकांच्या तोंडाकडे बघता आलं.

"रोज?" पोलादरावांनी विचारलं.

"रोज कुठे? दुपारचं," सासरे म्हणाले. "जावईबापू, तुम्ही त्याला पुठ्ठ्यावर असा रगडता, मला बघवत नव्हतं हो. बिचारा संध्याकाळी पार दमलेला असायचा."

"पण मग बाकीच्यांना का नाही लावली धार?"

"त्यांची ती कुलपं मला उघडत नाहीत. खटके दाबा, पट्ट्या सरकवा. हा आपला सैल आहे, माझ्यासारखा." मग त्यांनी आवाज खाली आणला. "पोरीला सांगू नका. ती हेही काढून घेईल. मग मी दिवसभर करू काय?"

"डबा काढलात कुठून? वरच्या फळीवर असतो."

"कुठला वरच्या? खालच्याच फळीवर तर असतो रोज."

पोलादरावांनी कपाळाला हात लावला. आपण विसरभोळे आहोत असं बायको म्हणायची ते काही खोटं नव्हतं. रात्री डबा वर ठेवल्यासारखं आठवायचं, आणि संध्याकाळी तो खाली सापडायचा.

रविवारी पोलादराव लांबच्या वाटेने कट्ट्यावर निघाले. खरं सांगावं तर सासऱ्यांचं नाव निघणार, इलेक्ट्रिशियनची बायको आणि आपली बायको दिवसातून दोनदा फोनवर बोलतात, म्हणजे आपण घरी पोचायच्या आत पट्टासुद्धा कुलपात जाणार. खोटं सांगावं, स्टेनलेसचं नाव घ्यावं, तर लोक आपल्या शब्दावर ते चाकू घेणार आणि महिन्याभरात त्या चाकूंनी लोणीही कापलं जाणार नाही. जगात एकच गोष्ट त्यांच्याजवळ होती, हा शब्द. तो आज काही वाचत नाही, हे त्यांना वळणावरच कळून चुकलं.

कट्ट्यावर चहा आला होता. दुकानदाराने नवं खोकं पायाशी आणून ठेवलं होतं, फक्त उघडायचं बाकी होतं.

"निकाल बाद," पोलादराव म्हणाले. "स्टेनलेसला मध्येच धार लावली गेली."

"कुणी लावली?" दंतवैद्यांनी विचारलं.

"मी."

दंतवैद्यांनी कप खाली ठेवला. "परीक्षा धार टिकण्याची, आणि तुम्ही मध्येच धार लावलीत?"

"सवयीने. हातात आला, घासला. लक्षात राहिलं नाही."

इलेक्ट्रिशियन थेट दंतवैद्यांकडे वळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "ऐकलंत डॉक्टर? परीक्षकानेच पेपर सोडवला."

"कमाल आहे," दंतवैद्य त्याला म्हणाले, आणि दोघं इतके हसले की त्यांचं भांडण जागच्या जागी मिटलं. दोघांनी आपापले चाकू उचलले, पात्यांवरून बोट फिरवून पाहिलं, आणि यापुढे परीक्षा दंतवैद्यांच्या दवाखान्यात घ्यायची असं परस्पर ठरवून टाकलं. दुकानदार हसला नाही. पायाशी असलेल्या खोक्याकडे बघत तो म्हणाला, "तुम्हाला पोलादराव कुणी म्हटलं हो? गंजराव म्हणायला हवं होतं." ते नाव चिकटणार, हे पोलादरावांना तिथेच समजलं. त्यांनी उरलेला चहा न पिता ठेवला आणि आपला डी टू आणि तो स्टेनलेस खिशात घालून ते निघाले. वाईट वाटत होतं. फार वाटत होतं.

घरी बायको टोमॅटो चिरत होती. फोन येऊन गेला होता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"धार तुम्ही लावलीत म्हणे," ती म्हणाली.

"हो."

"या सुरीला लग्नापासून लावा म्हणतेय. अजून टोमॅटो चिरत नाही, चेचते. आणि त्या चाकूला मात्र तुम्ही लावलीत. वस्तऱ्यासारखी."

तिने सुरी खाली ठेवली, हात पुसले, आणि आतल्या खोलीकडे एक नजर टाकून हळू आवाजात म्हणाली, "एका दुपारी बाबा स्टुलावर चढून तो डबा काढत होते. चाकू परवडला, पण स्टुलावरून पडले असते तर? तेव्हापासून तुम्ही कामावर गेलात की मी डबा खालच्या फळीवर ठेवते."

"तू? मग त्यांना सरळ सांगायचं ना, लावा म्हणून."

"सांगितलं असतं तर हातही लावला नसता. म्हणाले असते, माझा हात कापतो. चोरून करतायत म्हणून करतायत." तिने ओट्यावरची टॉनिकची बाटली उचलून त्यांच्या पुढे धरली. तिचं झाकणसुद्धा अजून फोडलेलं नव्हतं. "त्या पट्ट्याच्या आवाजाने भूक लागते त्यांना. आता नवी परीक्षा कधी सुरू करताय?"

"माझी परीक्षा आता कोण मानतंय?"

"कुणी नको मानायला. घरातल्या घरात होऊ द्या. पुठ्ठा आणा, भुसा सांडा, मी झाडीन. फक्त या वेळी निकाल लावायची घाई करू नका."

पोलादरावांनी खिशातले दोन्ही चाकू काढले, डब्यात ठेवले, आणि डबा आपल्या हाताने खालच्या फळीवर ठेवला.

तेवढ्यात आतल्या खोलीतून हाक आली. "जावईबापू, टीव्हीचा आवाज जरा वाढवायला येता का? आणि तुमच्या त्या दुसऱ्या चाकूचं कुलूप कसं उघडतं, तेही एकदा दाखवून ठेवा."

स्वयंपाकघरात बायकोने काही ऐकू येऊ नये म्हणून नळ पूर्ण सोडला.