कपाशीच्या रिपोर्टातल्या तळटीपा

छपाईतलं मला जे काही कळतं, ते गणपतदादा इंगळे यांच्यामुळे. अकोल्याच्या आमच्या छापखान्यात ते फोरमन होते. शिक्षण मराठी चौथी. मी, भाजी पिकवणाऱ्या माळी घरातला पहिला बी.ए., तिथे प्रूफरीडर होतो, तोही तीन महिन्यांच्या परीक्षेच्या बोलीवर.

"हे कोणी केलं?" कपाशीवर संशोधन करणारे एक साहेब प्रूफ घेऊन मालकांसमोर उभे होते.

केलं मीच होतं. लेखकाने माहिती कुठून घेतली, हे सांगणं म्हणजे संदर्भ. अमरावतीच्या कॉलेजात इतिहासाच्या प्रोफेसरांनी एकच पद्धत शिकवली होती. मजकुरात बारीक आकडा, पानाच्या तळाशी ग्रंथ आणि पृष्ठ. साहेबांनी मात्र वाक्यातच कंसात नाव आणि साल लिहिलं होतं. मला ते अर्धवट वाटलं. सगळ्या प्रुफावर खुणा करून मी शिशाच्या अक्षरांचे खिळे नव्याने जुळवून तळटीपा करायला दिल्या.

"प्रयोग जुना की नवा, हे वाचताक्षणी कळायला हवं," साहेब म्हणाले. "तुम्ही सालच तळाला पुरलंत! सोमवारी रिपोर्ट नागपूरला जायचा आहे."

मालक माझ्याकडे वळले. "किती पानं बदलली? सगळी असतील, तर उद्यापासून वांगी विका."

गणपतदादा पुढे आले. "आठच पानं, मालक. नमुना म्हनून साहेबाले दाखवाले केली. बाकी पानांचे खिळे जसेच्या तसे सुतळीनं बांधून ठेवले हायेत."

नमुन्याची गोष्ट मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकली.

आत गेल्यावर मी म्हणालो, "दादा, मले आधी काहून नाही सांगितलं?"

"सांगून पाह्यलं ना! तू म्हनला, कॉलेजात असंच असते. बी.ए.पुढं चौथीवाला काय बोलन?" ते हसले. "वकिलाले खटल्याचं नाव लागते. इतिहासवाल्याले पान लागते, तो दप्तर उघडून पाह्यते. कापूसवाल्याले साल. वाचनारा काय शोधून राहिला, ते पाह्य आधी."

आठ पानं आम्ही दुपारपर्यंत पूर्ववत केली. रिपोर्ट वेळेवर गेला. तेव्हापासून हस्तलिखित हाती आलं की मी आधी विचारतो, हे वाचणार कोण? पदवीपेक्षा या प्रश्नाने मला जास्त सांभाळलं.

पुढच्या आठवड्यात दादा भाचीच्या लग्नाला नांदगाव खंडेश्वरला गेले. तिथे मी पत्र पाठवलं:

"तीर्थस्वरूप गणपतदादा यांस शिरसाष्टांग नमस्कार. सगळीच पानं मी बदलायला दिली होती, हे मालकांना खरं सांगून टाकलं. तुमच्या आडोशाने कायम होणं मनाला पटेना. ते म्हणाले, 'मला माहीत होतं. मला न विचारता गणपतने आजवर नमुना काढलेला नाही.' नोकरी राहिली, पण परीक्षेचे आणखी तीन महिने वाढले. एका वैद्यांचं हस्तलिखित आलं आहे. त्यांच्या वाचकांना पृष्ठ नको, श्लोकाचा अध्याय आणि क्रमांक हवा, असं मला वाटतं. तरी वैद्यबुवांना विचारायला उद्या जातो आहे. त्याआधी एकही खिळा जुळवायला दिलेला नाही. आपला, नामदेव."