उत्तरार्ध

पुस्तक मागितलं की मामा ते लगेच द्यायचे नाहीत. आधी त्यावर तळहात ठेवायचे आणि विचारायचे, "मूळ वाचलंय का?"

आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाचे ते ग्रंथपाल, शिपाई आणि झाडलोट करणारेही. मोठ्या दुष्काळाच्या साली मी तिथल्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले. अर्धं गाव खडी फोडायला गेलेलं, वाचनालयात मी आणि मामा. तेव्हा एका तलाठ्याच्या विनोदी पुस्तकांची मालिका फार गाजत होती. हा तलाठी दप्तर काखेत मारून जुन्या थोर ग्रंथांत शिरायचा आणि तिथल्या राजेरजवाड्यांचे सातबारे तपासायला लागायचा. पाच भाग, प्रत्येकात एका ग्रंथाची खोडी काढलेली. मामांचा नियम असा, की तो ग्रंथ वाचल्याशिवाय तो भाग मिळणार नाही.

"मामा, दमून येते हो शाळेतून. जरा हसू द्या की!"

"हसा की. पर कुणाला हसायलोय ते ठावं पायजे बाई. न्हाईतर लोकं हसायलेत म्हणून आपण हसल्यावानी हुतंय."

तुम्ही म्हणाल, कोण हा विद्वान! तर मामांचं शिक्षण निजामाच्या राज्यात चार इयत्ता, तेही उर्दूतून. मराठी अक्षरं ते मोठेपणी शिकले. ओळीखाली बोट धरून वाचायचे, एका पानाला पाव तास. पण पहिले चार भाग त्यांनी नियमानेच वाचले. आधी ग्रंथ, वर्ष-दोन वर्षं, मग तलाठी. हसताना त्यांचा आवाज फुटायचा नाही. नुसते खांदे गदगदायचे, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि मला ओळ दाखवून म्हणायचे, "बगा बाई, कसं धरलंय बेट्यानं!"

पाचव्या भागाला मी खोटं बोलले. त्याचं मूळ म्हणजे दोन जाड खंडांची जुनी कादंबरी. राजा परागंदा झालाय, राणी वाट पाहतेय. मी पूर्वार्धाची चाळीस पानं वाचली आणि दोन्ही खंड वाचले म्हणून ठोकून दिलं. मामांनी उलटतपासणी केली नाही. "तुमी मास्तरीण. तुमाला काय इचारायचं," म्हणाले, आणि भाग माझ्या हातात ठेवला.

मग त्यांनी स्वतः पूर्वार्ध हाती घेतला. तो संपत आला आणि लातूर जिल्हा झाला, आमचा तालुका त्यात गेला. गावात पेढे वाटले. मागोमाग पुस्तकांची वाटणी निघाली, कारण आमच्याकडची बरीच पुस्तकं जुन्या जिल्ह्याहून पेटीतून आलेली. वाटणीला आलेल्या कारकुनाने यादी पुढ्यात घेतली आणि विषम आकडे इथे, सम जुन्या जिल्ह्याला, अशी खूण करत गेला. पूर्वार्ध राहिला, उत्तरार्ध गेला. दुकानात ती कादंबरी मिळत नव्हती. मामांनी अर्ज केले, स्मरणपत्रं पाठवली. "सदर प्रकरण विचाराधीन आहे," एवढं उत्तर यायचं.

दोन वर्षांनी त्यांच्या पोटात गाठ निघाली. सोलापूरला नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाले, घरीच ठेवा. एका रविवारी दुपारी मी पाचवा भाग घेऊन गेले. "मामा, नियम राहू द्या आता. मी वाचून दाखवते."

"न्हाई बाई, आदी मूळ. तुमी वाचलंय न्हवं? तुमीच सांगा. राजा येतोय का न्हाई?"

खरं सांगायची तीच वेळ होती. मला धीर झाला नाही. मी अंदाज बांधला. पाचव्या भागात तलाठी चावडीतून अर्जावर अर्ज धाडतो आणि राजा हजर होतो. म्हणजे मूळ कादंबरीत तो आलेलाच नसणार. मी म्हणाले, "नाही येत, मामा. राणी वाट पाहूनच जाते."

"लई वाईट झालं," मामा म्हणाले. "रोज त्याचं ताट वाढून ठिवायची की वो ती."

मी पुस्तक उघडलं. त्यांनी हात हलवून थांबवलं. "नगं बाई. असल्या बाईवर काय हसायचं? ठिवा ते."

पंधरवड्याने मामा गेले.

उत्तरार्ध पुढच्या वर्षी पेटीतून आला, मामांच्या अर्जाच्या नकलेसकट. मी तो उन्हाळी सुट्टीत वाचला. राजा येतो. कुणी न बोलावता, आपल्या पायांनी, शेवटून दुसऱ्या पानावर येतो आणि ताटावर बसतो. मग मी पाचवा भाग पुन्हा काढला. तिथे तलाठी दप्तरात नोंद करतो, "आमच्या अर्जावरून राजा हजर." तो येणारच होता, आणि हा शहाणा श्रेय घेऊन मोकळा! इतकी वर्षं मला हा विनोद कळलाच नव्हता. वाचनालयात एकटीच होते, खदखदून हसले. आणि मग रडू आवरेना. हे हसू त्यांचं होतं. एकेका ओळीखाली बोट धरून त्यांनी ते जमवत आणलं होतं, आणि मी एका वाक्यात घालवलं.

मामा त्या राणीसाठी हळहळत गेले. राणी सुखात होती.