मुलुंडचे साहेब

आमच्या घाटकोपरच्या चाळीत रोज कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून कामाला जाणारा एकच माणूस होता. बाकीच्यांचे शर्ट धुतलेले असत, एवढंच. म्हणून सगळे त्यांना ‘साहेब’ म्हणत. संपात गिरणी सुटली आणि पुढे ते महापालिकेत लागले, हे चाळीला ठाऊक होतं. कशात, असं कुणी विचारलं की ते म्हणत, “आहे आपलं, मुलुंडला.”

घरात साहेब झाडूला हात लावत नसत. काकू आजारी पडल्या तरी केर तसाच. एकदा माझी आई म्हणाली, “अहो, एक दिवस तुम्ही काढा की.” साहेब म्हणाले, “ती कामं आपली नव्हेत, वहिनी.” चाळीतल्या बायका यावर पुढे कित्येक दिवस हसत होत्या. काकू मात्र हसल्या नाहीत.

कॉलेजात असताना एका सकाळी मी मुलुंडला मावशीकडे गेलो होतो. बाजाराच्या गल्लीत सफाईची खाकीतली माणसं कचऱ्याची हातगाडी कडेला लावून फुटपाथवर न्याहारी करत बसली होती. त्यांत साहेब होते. शेजारच्या बाईने त्यांच्या डब्यातला बांगडा उचलला आणि म्हणाली, “दादा, तुमी काटं खावा.” साहेब खदखदून हसले. ते असे हसू शकतात हे मला माहीतच नव्हतं. तेवढ्यात त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. उठून आले, हात पँटला पुसले आणि म्हणाले, “शर्ट चौकीत आहे रे.” हजेरीच्या चौकीत ते कपडे बदलत असत. मग आवाज खाली आणून म्हणाले, “घरी काही बोलू नको. सुमनचं लग्न जमतंय. झाडूवाल्याची पोरगी कोण करील?”

मी बोललो नाही. बोललो असतो तर काय झालं असतं, ते मला पक्कं ठाऊक होतं. चाळीत संडास धुवायला येणाऱ्या माणसाला आम्ही पाणी वरून ओतून देत होतो, आणि साहेब ते रोज बघत होते. आम्हांला नीट ओळखूनच त्यांनी आपलं काम लपवलं, याची मला आजही लाज वाटते.

सुमनचा साखरपुडा झाला आणि थोड्याच दिवसांत साहेबांना ताप भरला. तो उतरलाच नाही. तिरडी बांधणं चाललं होतं, तेव्हा चाळीच्या तोंडाशी ती खाकीतली माणसं येऊन उभी राहिली, कामावरून तशीच. बांगडा उचलणाऱ्या बाईचे डोळे रडून सुजले होते. सुमनचे होणारे सासरे ओट्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, “ही कोण मंडळी?”

मी खाली बघितलं. काकूंनी त्या माणसांकडे एकदा पाहिलं आणि पदर तोंडावर ओढून घेतला. त्यांच्यातला म्हातारा मुकादम काय ते समजला. हात जोडून म्हणाला, “कुनी न्हाई. गर्दी दिसली म्हून थांबलो.”

अंत्ययात्रा निघाली. ती माणसं रस्त्याच्या पलीकडच्या कडेने, आमच्या बरोबरीने स्मशानापर्यंत चालत आली. वाटेत खांदा बदलायला आमची माणसं कमी पडत होती, तरी त्यांना कुणी हाक मारली नाही.