तुंगार्लीच्या गर्डरचा बंपर

मी मोटार चालवायला शिकले ती हौस म्हणून नाही. आमचे हे डॉक्टर. लहानपणी आलेल्या तापात यांचा डावा पाय लुळा पडला होता. काठी घेऊन चालता येई, पण क्लच दाबण्याइतकी ताकद त्या पायात नव्हती. लोणावळ्यात दवाखाना टाकल्यावर पहिली काही वर्षं टांग्यानं भागलं. पण पवनेच्या खोऱ्यातून बोलावणं आलं की टांगा कार्ल्याच्या पुढं जायचा नाही. युद्ध संपलं, लष्कराच्या जुन्या जीपा लिलावात निघाल्या, आणि यांनी एक घेतली. घेतल्यावर मला म्हणाले, "आता शिकायचं तुम्ही."

"मी?"

"मग दुसरं कोण आहे घरात?"

जीपचं स्टिअरिंगचं चाक डाव्या अंगाला होतं. हूडला दोन ठिकाणी ठिगळं होती. मागच्या बाजूचे, बंपरच्या जागचे, मुळातले दोन लोखंडी ठोकळे कुणीतरी कधीच काढून घेतलेले, त्यामुळं पत्रा नुसता उघडा होता. मला त्याचं काही वाटलं नव्हतं. मला धास्ती होती ती गिअरची. दोन महिन्यांत गिअर जमले. बाजारातल्या बायका थांबून बघत, पोरं मागं पळत. पुढं त्यांचंही नवल सरलं.

त्याच वर्षीच्या भाद्रपदात तिकोणा पेठेहून एक शेतकरी आणायचा होता. पायाला विळा लागून जखम चिघळली होती, अंगात ताप मावत नव्हता. येताना खिंडीच्या अलीकडच्या ओढ्यात जीप रुतली. पुढं खोल पाणी, म्हणून मागं ओढून काढायची असं ठरलं. बरोबरच्या माणसांनी बैलगाडीचा नाडा, म्हणजे जाड दोर, आणला. बांधायचा कुठं? मागं धरायला काहीच नव्हतं. शेवटी जादा चाक अडकवलेल्या लोखंडाला बांधला. बैल जुंपले, "हो" म्हटलं, आणि पत्र्यासकट ते लोखंड उपटून चाकासह चिखलात पडलं. जीप बोटभरही हलली नाही. ती पाणी ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी बाहेर निघाली.

रोग्याला झोळीत घालून कार्ल्यापर्यंत खांद्यावरून न्यावं लागलं. हे काठी टेकत झोळीबरोबर चालले. ते अंतर त्यांच्यासाठी फार होतं. मी मागून पिशवी घेऊन. माणूस वाचला, दोन बोटं गेली. घरी आल्यावर दोन दिवस हे पाय शेकत बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "आबांना बोलवा."

आबा म्हणजे रेल्वेच्या लोकोशेडमधून निवृत्त झालेले फिटर. मूळचे कार्ल्याचे, घरची भातशेती. पण हात आयुष्यभर लोखंडात. गावात कुणाचा पंप बिघडला, कुणाची तिजोरी उघडेना, की आबा. त्यांनी जीपभोवती दोन फेऱ्या मारल्या, फाटलेल्या पत्र्यात बोट घातलं आणि मला विचारलं, "डाक्टरीणबाई, बंपर कशापायी पायजे? शोभंला, का कामाला?"

मी ओढ्याची हकिकत सांगितली.

"म्हंजी वढायला. आन् ठोकर खायला. आन् माणसं लटकायला."

"माणसं कशाला लटकतील?"

"लटकत्याल. तुमी न्हाई म्हनला तरी लटकत्याल. मग तेला पाय ठेवाया रुंद जागा नको व्हय?"

लोखंड त्यांनीच शोधलं. तुंगार्लीत एक बंगला पाडून नव्यानं बांधत होते. तिथं पन्हळीच्या आकाराचा जुना गर्डर पडला होता. मालकाला तो उचलून न्यायला कुणीतरी हवंच होतं. आम्ही तो जीपमध्ये आडवा टाकून आणला. अर्धा बाहेर लोंबत होता, त्याला मी माझा लाल रुमाल बांधला.

मला वाटलं, आता दोन दिवसांत काम होईल. पण आबांनी गर्डरला हात लावला नाही. त्याऐवजी एक बांबू आणला, गर्डरच्या लांबीचा तोडला आणि जीपच्या मागं सुतळीनं बांधला. म्हणाले, "चला, वढ्याला."

तुंगार्लीच्या तळ्याखाली एक ओढा होता, पावसाच्या उघडिपीनं त्यात जेमतेम घोटाभर पाणी होतं. दोन्ही काठ उभे. मी जीप आत उतरवून पलीकडं चढवायची, आणि आबा काठावर पालथं पडून मागची बाजू बघणार. पहिल्याच खेपेला जीपचं नाक वर गेलं, शेपूट खाली आलं, आणि बांबू काडकन मोडला.

"बगितलं?" आबा धोतराची माती झटकत उठले. "हा लोखंडाचा असता तर गाडी हितंच खुटून बसली असती. चार बोटं वर घेऊ. आन् टोकं तिरपी कापू."

दुसरा बांबू बांधला. तो घासला, पण मोडला नाही. आणखी दोन बोटं वर घेतला, मग नुसती माती लागली. आबांनी खडूनं जीपवर रेघ ओढली. त्या दिवशी मी तो ओढा सात-आठ वेळा ओलांडला असेन. बंपरचं माप निघालं, आणि उभ्या काठावर गाडी चढवण्याची माझी भीतीही त्या ओढ्यातच बरीचशी उतरली.

पुढचा आठवडा आमच्या अंगणात करवतीचा आणि घणाचा खणखणाट चालला होता. टोकं तिरपी कापली. दोन्ही टोकांपाशी जाड कड्या बसवल्या. वरच्या बाजूला छिन्नीनं आडव्या खाचा पाडल्या, पाय घसरू नये म्हणून. यांनी विचारलं, "आबा, सरळ झाळ मारून चिकटवला तर लवकर होईल ना?"

"झाळ लवकर हुईल, आन् लवकर उपटंल. डाक्टर, तुमी जखमंला टाका घालता का डिंक लावता?"

हे हसले. ओढ्याच्या प्रसंगानंतर पहिल्यांदा हसले.

बंपर पत्र्याला नाही, खालच्या चासीच्या, म्हणजे लोखंडी सांगाड्याच्या, दोन्ही दांड्यांना बोल्टनं आवळला. भोकं हातानं फिरवायच्या ड्रिलनं पाडली, एकेका भोकाला अर्धा दिवस. सगळं झाल्यावर आबांनी कड्यांतून नाडा ओवला, दुसरं टोक आंब्याच्या बुंध्याला बांधलं आणि मला म्हणाले, "वढा."

मी गिअरशेजारचा लहान दांडा टाकून इंजिनाचा जोर चारी चाकांना जोडला आणि जीप पुढं रेटली. चाकांनी अंगणात खड्डे पाडले. आंबा हलला, दोन-चार वाळक्या काटक्या हूडवर पडल्या. बंपर होता तिथंच होता.

त्यानंतरच्या आश्विनात, पाऊस गेला असं म्हणेपर्यंत पुन्हा तीन दिवस लागला. चौथ्या दिवशी सकाळी पेठेहून माणूस आला. पहिलटकरीण, दोन दिवस अडली होती. आम्ही जीपनं पोचलो, यांनी तपासलं, बाहेर येऊन मला हळूच म्हणाले, "मूल आडवं आहे. इथं माझ्या हातून व्हायचं नाही. तळेगावला दवाखान्यात न्यायला हवं, दुपारच्या आत."

जीपच्या मागच्या भागात घोंगड्या अंथरल्या आणि तिला निजवलं. हे तिच्या शेजारी बसले. दुसऱ्या बाजूला तिची सासू बसणार होती. ती पाय टाकायच्या आधी माझ्याकडं बघून म्हणाली, "बाई मानूस हाकनार गाडी?"

"बस, मावशी," हे म्हणाले. "ती हाकते म्हणून मी इथं आलो."

घरची चार माणसं बरोबर निघाली. बसायला जागा नव्हती, तेव्हा ती बंपरवर उभी राहिली, हूडच्या दांड्या धरून. आबांचं बोलणं मला आठवलं आणि तशा घाईतही बरं वाटलं. त्या वजनानं मागची चाकं जमिनीत घट्ट बसत होती. पवनेला गुडघाभर पाणी होतं, ते ओलांडलं. खिंडही चढलो.

खरी पंचाईत पलीकडच्या उतारावर झाली. तीन दिवसांच्या पावसानं माती लोण्यासारखी झाली होती. डाव्या अंगाला दरी. मी ब्रेकवर पाय ठेवला. ब्रेक धरत होते, पण जमीनच धरत नव्हती. चाकं न फिरता जीप हातभर खाली सरकली, आणि तिचं शेपूट दरीकडं वळायला लागलं. मागून सासू ओरडली. मी चाक फिरवलं, जीप एका धोंड्याला टेकून थांबली. मी म्हटलं, "अहो, मला नाही जमणार."

यांचा हात पोरीच्या मनगटावर होता.

बंपरवरची चौघं खाली उतरली होती. त्यांतल्या वडीलधाऱ्यानं, म्हणजे पोरीच्या सासऱ्यानं, वाकून कड्या बघितल्या. मग म्हणाला, "आरं, बैलगाडी उतरवितो तशी उतरवू. नाडा आना." नाडा जीपमध्येच होता. दोन कड्यांतून ओवला, वरच्या अंगाच्या एका जाड झाडाला दोन वेढे दिले, आणि बाकीच्या तिघांनी टोक धरलं. सासरा माझ्यापाशी आला. "डाक्टरीणबाई, गाडी आमी धरलीया. तुमी निस्तं चाक सरळ ठेवा. आमी सोडू तशी ती जाईल."

मी ब्रेकवरचा पाय उचलला. तो क्षण मला आजही नीट आठवतो. जीप पुढं गेली आणि लगेच मागून कुणीतरी पदर धरावा तशी थांबली. लोखंड कण्हल्यासारखा आवाज झाला. मी मनात म्हटलं, आता उपटतंय. पण उपटलं नाही. वरून हाक आली, "सोडतो!" आणि जीप वावभर, चारेक हात, खाली गेली. पुन्हा "थांबा!" पुन्हा "सोडतो!" नाडा संपला की जीपला दगड लावायचे, खालचं झाड गाठायचं, पुन्हा वेढे द्यायचे. असं पाच झाडं बदलून आम्ही सपाटीला आलो. भातखाचरं दिसली तेव्हा सासू पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "पोरी, पानी पी." मला वाटलं सुनेला म्हणतेय. तांब्या तिनं माझ्यापुढं धरला होता.

कार्ल्याला डांबरी रस्ता लागला, आणि मग मी जीप कशी हाकली ते विचारू नका.

दवाखान्यात तिला आत नेलं. हेही आत गेले. मी व्हरांड्यात बाकावर बसले. हाताला बघितलं तर चाकाच्या कडेचे वळ उठले होते. सासू खाली जमिनीवर बसली होती, डोळे मिटून. ऊन फरशीवरून सरकत भिंतीला लागलं तेव्हा दार उघडलं आणि हे बाहेर आले. काठी न घेताच आले होते, भिंतीला धरून. म्हणाले, "मुलगी झाली. आई शुद्धीवर आहे. दोघी ठीक आहेत." मग माझ्याशेजारी बसले आणि बसल्या बसल्या झोपले. सासू हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही. माझंही मला कळलं नाही.

आम्ही घरी आल्यावर आबांनी जीपखाली सरपटत जाऊन बोल्ट एकेक करून बघितले. बाहेर येऊन म्हणाले, "उजवं अंग वाईच वाकलंय. सरळ करू का?" मी नको म्हटलं. त्यांनी दोन नट पान्ह्यानं आवळले आणि चहा न घेताच गेले. पण फाटकातून वळून त्यांनी एकदा बंपरकडं बघितलं, ते मी पाहिलं.

तीन आठवड्यांनी मायलेकींना पेठेला पोचवायला आम्ही निघालो. जमीन वाळली होती, भात पिकून पिवळा झाला होता. सासू न्यायला आली होती. बाळाला छातीशी धरून ती पुढं माझ्या शेजारच्या जागेवर येऊन बसली. यांना म्हणाली, "तुमी मागं बसा डाक्टर, मला रस्ता बगायचाय." हे निमूट मागं बसले. खिंडीत तिनं मला एक-एक झाड दाखवलं, याला नाडा बांधला होता, त्याला बांधला होता. दोन तिनं चुकीची दाखवली, तरी मी मान डोलावली.

पेठेत त्यांनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या, भाताची कापणी नुकतीच झालेली. नव्या तांदळाचा भात, वर तूप, कुळथाचं कढण. हे एरवी मोजकं जेवणारे. त्या दिवशी त्यांनी दोनदा भात मागून घेतला.