छोट्या लाटेची फळी

समुद्रात न्यायची फळी विकत घ्यायला मी दिल्लीला निघाले, तेव्हा चिपळूण स्टेशनवर सोडायला आलेला रिक्षावाला म्हणाला, "काकू, उलट्या दिशेला चाललात की." बरोबरच होतं त्याचं. आमच्या घराचं मागचं फाटक उघडलं की पाय वाळूत पडतो, आणि दिल्लीहून समुद्र कुठल्याही अंगाने बघितला तरी लांबच. पण बोलावणं नंदूचं होतं.

नंदू माझा धाकटा भाऊ. बाहेरच्या कंपन्या देशात यायला लागल्या त्या सुमारास त्यांतल्या एकीत नोकरी धरून तो दिल्लीला गेला. "चार वर्षांत परत येतो, ताई," म्हणाला होता. मग लग्न झालं, मुलगी झाली, मयूर विहारात फ्लॅट झाला. पुढे कधीतरी ऑफिसच्या सहलीत गोव्याला त्याने पॅडलबोर्ड बघितला. म्हणजे एक लांबरुंद फळी, तिच्यावर उभं राहायचं, हातात उंच वल्हं धरायचं आणि लाट आली की तिच्यावरून घसरत किनाऱ्याला यायचं. झालं, तेव्हापासून याला वेड. दरवर्षी गोव्याला जाऊन भाड्याच्या फळीवर शिकून आला. गेल्या वर्षी त्याला पोटाचं दुखणं निघालं. नाव काही मी इथे लिहीत नाही. ऑपरेशन झालं, औषधं झाली. दिवाळीत फोन आला, "ताई, उपचार संपले. तू ये. दोघं मिळून बोर्ड घेऊ आणि मी तुझ्याबरोबरच गावी येतो. शिमग्यापर्यंत राहतो."

दिवाळी ते शिमगा आमचा समुद्र शहाण्यासारखा वागतो. लाटा गुडघ्याएवढ्या, फार तर कमरेएवढ्या. मी जातानाचं एक आणि येतानाची दोन तिकिटं काढली. फळी गेली खड्ड्यात, मला भावाला घरी आणायचं होतं.

गाडी निजामुद्दीनला पोचली तेव्हा सकाळ झाली होती, असं घड्याळ म्हणत होतं. उजेड कसा तो नव्हताच. धूर आणि धुकं एकत्र होऊन खाली बसलं होतं, घसा खवखवत होता. माझी भाची सई घ्यायला आली होती. नोएडातल्या एका ऑफिसात नोकरी करते, चोवीस-पंचवीसची आहे. "आत्या, मास्क लाव ना यार," असं म्हणत तिने माझ्या नाकावर फडकं चढवलंसुद्धा. नंदू गाडीत बसून होता. दार उघडून उतरलाच नाही, तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. जाड स्वेटर, वर मफलर, त्यावर कानटोपी. या सगळ्यातून माझा भाऊ शोधावा लागला.

"बारीक झालास," मी म्हटलं.

"डाएट," तो म्हणाला.

पुलावरून यमुना ओलांडली. पाणी काळं, त्यावर पांढरा फेस. आमच्याकडे फेस दिसला की पोरं त्यात उड्या मारतात. इथे सईने काच वर केली.

घरी शुभा, नंदूची बायको, शाळेत निघायच्या घाईत होती. ती शिक्षिका आहे. मुळ्याचे पराठे करून झाकून ठेवले होते, वर पांढरं लोणी. मी आणलेली कोकमं, सुकट, कुळथाचं पीठ तिने हातात घेऊन नुसतं हुंगलं आणि डोळे पुसले. मला वाटलं, सुकटीचा वास. संध्याकाळी मी कुळथाचं पिठलं केलं. नंदूने ताटात बोट फिरवून चाटलं, "वा" म्हणाला आणि बाजूला सरकवलं. मी म्हटलं, गावाला गेला की खाईल. समुद्राच्या वाऱ्याने मेलेली भूकसुद्धा उठते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं फळीच्या शोधात निघालो. सईने रजा टाकली होती. आधी नोएडाच्या मॉलमधलं खेळाच्या सामानाचं एक मोठं दुकान. नंदू सांगत होता की तो आला तेव्हा इथे मोहरीची शेतं होती. आता काचेच्या इमारती. दुकानात भिंतीला अकरा फुटी फळी टेकवलेली, दाराएवढी रुंद. विक्रेता पोरसवदा, उत्साही. मला म्हणाला, "मैम, पूल में योगा के लिए?"

"योगा नाही, लाटा," मी म्हटलं. नंदूने हिंदीत समजावलं की छोट्या लाटांवर चालवायचीय, एवढी लांब नको, वळणार नाही.

"सर, दिल्ली में लहरें?" त्याने विचारलं. त्याची चूक नव्हती. फार्महाउसवाले लोक आपापल्या तळ्यांत सोडायला हे बोर्ड नेतात म्हणे. हौसेला मोल नाही. नंदूने ती फळी एका कडेने उचलायला बघितली. उचलली नाही. "जड आहे फार," म्हणाला. मी उचलून बघितली. आमच्या विहिरीवरची पाण्याची कळशी जड असते तिच्याहून.

मग गाझियाबाद. इंटरनेटवर जाहिरात बघून नंदूने एक माणूस गाठला होता. अरोडा नावाचे गृहस्थ, नोकरीनिमित्त परदेशात समुद्राकाठी राहून आलेले, आता तिथले बोर्ड विकत होते. गाडी एकसारख्या उंच बिल्डिंगांच्या मधून जात राहिली. काही बिल्डिंगांत दिवे होते, काही नुसते सांगाडे, वरती क्रेन थांबलेली. अशा ठिकाणी माणसं आपलं घर कशावरून ओळखत असतील, मला तर कळेना. फाटकावर पहारेकऱ्याने काम विचारलं. मी माझ्या हिंदीत ठणकावून सांगितलं, "फळी देखने आए हैं."

"फली? सब्ज़ी वाले पीछे के गेट से," तो म्हणाला. हिंदीत फली म्हणजे शेंग, हे सईने हसत हसत सांगितलं. नंदू इतका हसला की त्याला खोकला आला, आणि तो खोकला थांबेपर्यंत आम्ही फाटकातच उभे राहिलो.

अरोडांच्या घरी चहा आला, सोबत मठरी (जाडसर खारी पुरी). सोफे भिंतीला सारून त्यांनी दिवाणखान्याच्या गालिच्यावर दोन फळ्या मांडल्या. हवा भरायच्या होत्या त्या. पंपाने फुगवल्या की लाकडासारख्या टणक, हवा काढली की वळकटी. गाडीतून न्यायला हेच बरं. माझ्या ज्ञानात मग अशी भर पडली की फळीचं माप लिटरमध्ये असतं. दुधाचं लिटर ऐकलंय, रॉकेलचं ऐकलंय, फळीचं? अरोडांनी सावकाश समजावलं. फळी किती ओझं तरंगवते, ते लिटर. माणसाच्या वजनाच्या मानाने लिटर कमी पडले तर फळी पायाखाली बुडते. जास्त झाले तर लाट तिला हवी तशी भिरकावते, ती तुमचं ऐकत नाही. छोट्या लाटेत जोर नसतो, म्हणून लांबी कमी आणि रुंदी जरा जास्त. एक फळी आठ फूट होती, दुसरी साडेनऊ.

"मोठीच घे," मी नंदूला म्हटलं. "आत्ता उतरलायस, पण चार महिने माझ्या हातचं खाल्लंस की भरशील. वाढत्या अंगाची घे." लहानपणी आई त्याच्या शाळेच्या चड्ड्या अशाच घ्यायची. पट्ट्याने आवळून घालायचा आणि त्या बसायला लागेपर्यंत फाटायच्या.

"नाकापेक्षा मोती जड होईल, ताई," तो म्हणाला.

अरोडांनी मला विचारलं, कधी आणि कुठे वापरणार? भाऊ बोलत नव्हता, म्हणून मी सांगू लागले. समुद्र आमच्या घरामागे आहे, लाटा लहान आहेत, "और ये सुबह सुबह भरती में जाएगा. भरती में अच्छा रहता है."

अरोडांचा चेहरा पडला. कप खाली ठेवून ते नंदूकडे वळले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "भर्ती कौन से अस्पताल में होना है, भाईसाहब?"

मला आधी काही उमगलंच नाही. भरती म्हणजे समुद्राची, चढतं पाणी. हिंदीत भर्ती म्हणजे दवाखान्यात दाखल होणं. मी नंदूकडे बघितलं, की आता हा हसेल, फलीला हसला तसा, आणि त्यांना समजावेल. नंदू हसला नाही. त्या परक्या माणसाला त्याने हिंदीत सरळ उत्तर दिलं. "अगले हफ़्ते. दोबारा निकल आया है. इस बार लंबा रहना पड़ेगा."

पुन्हा निघालंय. माझी हिंदी कच्ची असली तरी एवढं कळायला पुरेशी आहे. सई गालिच्याकडे बघत होती. म्हणजे तिला ठाऊक होतं, शुभाला ठाऊक होतं, सुकटीच्या वासाने कुणी रडत नसतं.

"मला का नाही सांगितलंस?" मी मराठीत विचारलं.

"फोनवर सांगितलं असतं तर तू फक्त रडायला आली असतीस," तो म्हणाला. "मला तुला बोर्ड घेऊन द्यायचा होता."

"मला? मी काय करू त्याचं? वाल वाळत घालू?"

तो वळला आणि अरोडांना म्हणाला, "वज़न दीदी का लीजिए." अरोडा बिचारे कुठल्या खोलीत पळाले ते वजनकाटा घेऊनच आले. मला संताप आला होता. कुणावर, ते सांगता येत नाही. त्या दुखण्यावर, त्या धुरकट गावावर, चार वर्षांत येतो म्हणून सांगून गेलेल्या माणसावर. "नंदू, मी दोन तिकिटं काढलीयत," मी म्हटलं.

"माहितेय मला. काट्यावर उभी राहा, ताई."

मी राहिले. एकसष्ट किलो. आठ फुटी फळी मला बरोबर होती, अरोडा म्हणाले, शिकणाऱ्याला थोडी अवघड पण छोट्या लाटेला उत्तम. नंदूने मला त्या फळीवर उभं केलं, तिथेच, गालिच्यावर, साडीत. "गुडघे वाकव. पायांत खांद्याएवढं अंतर ठेव. खाली नको बघू, समोर बघ." समोर खिडकी होती आणि खिडकीत धूर. पण त्याचा आवाज एकदम जुना झाला होता, शाळेतून पळत येऊन काहीतरी सांगायचा तसा. मफलर सोडून, कानटोपी काढून तो माझ्याभोवती फिरत होता, कोपराला हात लावून कोन दाखवत होता. डोक्यावर केस नव्हते. सई भिंतीला टेकून बघत उभी होती. मी रडत होते आणि गुडघे वाकवत होते.

परतीच्या वाटेवर मी भांडले. तुझ्या दवाखान्यात बसते, म्हटलं, स्वयंपाक करते, सईला सुटी मिळेल. तो नको म्हणाला. "इथे तू खिडकीबाहेर बघत बसशील. मला तू पाण्यात हवीस. मग मी फोन करून विचारीन आणि तू सांगशील." आजारी माणसाशी किती भांडायचं? तरी मी मयूर विहार येईपर्यंत भांडलेच.

परतीच्या गाडीत वरचा बर्थ रिकामा होता. त्यावर मी फळीची वळकटी ठेवली. तिकीट तपासनिसाने विचारलं, "इसमें क्या, टेंट है?" मी हो म्हटलं. रतलामला एक विद्यार्थी चढला आणि त्याने बर्थ रिकामा आहे का, असं विचारलं. त्याला मी नाही म्हणून सांगितलं. त्याचा काय दोष होता? पण त्या जागेवर कुणी झोपलेलं मला बघवलं नसतं.

दिल्ली कशी आहे, असं गावात सगळे विचारतात. मी सांगते, मोठी आहे, रस्ते रुंद आहेत, पराठे छान मिळतात, श्वास घेता येत नाही. लोक वाईट नाहीत. ज्याला आपण ओळखत नाही त्याने आपल्या भावाची चौकशी केली आणि खरं उत्तर मिळवलं. मी सख्खी बहीण असून मला ते जमलं नव्हतं. प्रवासात काय बघितलं म्हणाल तर हे बघितलं.

आता रोज सकाळी भरतीच्या पाण्यात फळी घेऊन जाते. गाव हसायचं तेवढं हसून झालं. आधी पालथी पडून, मग गुडघ्यांवर, मग धडपडत. खारं पाणी नाकातोंडात गेलं, हात दुखून आले. संध्याकाळी नंदूचा फोन येतो, वॉर्डातून. आवाज बारीक असतो, पण प्रश्न ठरलेले. वारा कुठून होता, लाट केवढी, वल्हं कुठल्या बाजूला धरलंस. मी एकेक सांगत जाते आणि तो चुका काढत जातो. पलीकडे नर्स आली तरी ठेवत नाही.

मागच्या आठवड्यात मी उभी राहिले. कमरेएवढी लाट होती. तिने मला उचललं आणि मी थेट वाळूपर्यंत उभीच आले. दुसऱ्या दिवशीही आले. आता रोज येते. फळीचं माप अगदी अचूक आहे, कुठे बुडत नाही, कुठे हट्ट करत नाही.

नंदूला हे सांगितलेलं नाही.

"उभी राहिलीस का?" तो रोज विचारतो.

"कुठली रे. अजून पडतेच," मी म्हणते.

"मग मलाच यायला लागणार," तो म्हणतो.