सोमीच्या पोराच्या नावाची बाटली

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे म्हणजे तुम्ही फार जवळचे आहात असंही नाही — कुणाला तरी सांगायचंच होतं, आणि तुम्ही समोर बसला आहात. फक्त ऐकून झाल्यावर ‘जाऊ दे गं’ म्हणू नका. तेवढं मला सोसायचं नाही.

मी शेणवे गावची. शहरातल्या एका डॉक्टरबाईंच्या अभ्यासात मला काम मिळालं होतं — शहापूर-मुरबाडच्या गावांतून जुलाब झालेल्यांची शी गोळा करायची. हो, शीच. बाई तिला नमुना म्हणायच्या. पोट बिघडवणारे जंतू किती कुळांचे आहेत आणि त्यातले कोणते नेहमीच्या गोळ्यांना जुमानत नाहीत, हे त्यांना बघायचं होतं. काम चांगलं होतं. मला मात्र त्याची लाज वाटायची. किन्हवलीच्या एसटीत कंडक्टरने माझ्या बर्फाच्या डब्याकडे बघून विचारलं, “वयनी, मासं का?” — आणि मी हो म्हटलं. एवढ्याशा गोष्टीत खोटं बोलणारी बाई मोठ्या गोष्टीत काय करेल?

सांगते. जरा दमाने.

मुरबाडच्या हद्दीत डोंगराच्या अंगाला एक वाडी आहे. श्रावणात तिथे जुलाबाची साथ आली. आजारी पोरांची नावं बाटल्यांवर आधीच लिहून मी त्या घेऊन गेले. कुणी देईना. सोमी म्हणून माझ्याच वयाची बाई, तिचं पोर पडवीत मलूल पडलेलं — तिने मला उंबऱ्यावरच थांबवलं. “नाय द्याचा, ताय. पोराचा मळ दुसऱ्याच्या हाती गेला का त्याच्यावर कोनी पन काय पन करतंय.” मी हसले. शिकलेली ना मी! मीठ-साखरेची पुडी तिच्या हातात ठेवली आणि रिकाम्या बाटल्या घेऊन परत आले.

मग बाईंना तसंच का सांगितलं नाही? त्या रागावल्या नसत्या. पण मागच्या बैठकीत सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या होत्या, हिला वाड्यांवरची माणसं कधी नाही म्हणत नाहीत. ते मला फार आवडलं होतं. कारण एवढंच — याहून मोठं शोधू नका.

घरी माझ्या मुलाला जुलाब होत होते. भर दुपारी मोरीत बसून त्याच्या शीने मी वाडीच्या सगळ्या बाटल्या भरल्या. चमच्याने.

आणि अजून एक आहे — हिंगाची डबी. आमच्याकडे उरलेल्या गोळ्या हिंगाच्या रिकाम्या डबीत राहतात. दिराच्या उरल्या, टाक डबीत. सासऱ्यांच्या उरल्या, टाक डबीत. मुलाचं पोट बिघडलं की त्यातली अर्धी कुस्करून मधात द्यायची, जरा थांबलं की बंद करायचं. गोळ्या अर्धवट सोडल्या की जंतू निगरगट्ट होतो, हे मी गावोगाव सांगत फिरत होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. तुमच्या घरात अशी डबी नाही? बघून या हवं तर. मला नावं त्यानंतर ठेवा — न बघता ठेवलीत तरी हरकत नाही.

निकाल आला. बाकी गावांतले जंतू नाना कुळांचे. वाडीतले मात्र सगळे एकाच आईची लेकरं, आणि नेहमीच्या एकाही गोळीला दाद न देणारे. घराघरांत एकच जंतू, म्हणजे पाणी एकच, म्हणजे विहीर. विहिरीच्या पाण्यात तो सापडला नाही. पण तोवर पावसाने धुऊन गेला असेल असं ठरलं. विहिरीवर जाळी बसली, जाळीला कुलूप. बायका खाली ओढ्यावर जाऊ लागल्या, भरल्या हंड्याने चढण चढू लागल्या.

बाई वाडीत बोलायला आल्या. गोळ्या मध्येच सोडू नका, असं त्यांनी मायेनेच समजावलं — ज्यांच्या घरात कधी गोळी आली नव्हती त्यांना. तेव्हा सोमी उठली. “आमी गोळी खाल्लीच नाय. आन् मी बाटलीत काय दिलाच नाय.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा बोलायचं होतं ना मला? बोलले की. बाईंच्या शुद्ध भाषेत बोलले — “दिलं होतंस, सोमी. विसरलीस तू.”

बाई समजुतीने हसल्या. सोमी माझ्याकडे बघत राहिली, मग खाली बसली. तिच्या पोराच्या नावावर कुणीतरी काहीतरी करेल, ही तिची भीती. ते मी केलं, आणि त्यासाठी तिने काही द्यायचीही गरज पडली नाही.

पावसाला, पगाराला, वयाला — कशालाच मी यात ओढणार नाही. बाजारात सोमी करटुली विकते. मला बघितलं की वाट्यावर फडकं टाकते. मला विकत नाही. बरं करते.

येत्या रविवारी बाई पुन्हा वाडीत येणार आहेत. मी तिथे उभी राहणार आहे. कुलूप निघेल का, मला कामावर ठेवतील का, नवरा घरात घेईल का — ज्याचं त्याने बघावं. मी शुद्ध भाषा शोधत बसणार नाही. सोमीनं काय दिला नव्हता. समद्या बाटल्यांत माझाच पोर होता.