कॉस्टिकचा थेंब

"रंगच आहे तो."

"रंग असता तर मी कशाला तोंड उघडलं असतं, बाबा?"

"अगं, उभा जन्म मजेंटात गेला माझा. आत गेलेला रंग कधीतरी बाहेर यायचाच."

"कारखान्यातली रंगाची शेड सुटून वर्ष होत आलं. आता गोदामात खोकी बांधता. खोक्यांतून येतो का लघवीत रंग?"

"हाडात मुरलाय. निघेल हळूहळू."

लेकीने टेबलावरच्या काचेच्या बाटलीकडे बोट केलं. सकाळी तिनेच हट्टाने भरून घेतली होती ती. बाटलीकडे न बघता ते चहा ढवळत राहिले. साखर कधीच विरघळली होती.

गल्लीत त्यांना सगळे गुलाबराव म्हणत. हे काही खरं नाव नव्हे. नखं, कानाच्या पाळ्या, उशीचा अभ्रा, सगळंच गुलाबी. म्हणून पडलेलं. त्यांचे वडील रंगारी. तांब्याच्या हंड्यात मंजिष्ठेची मुळं उकळून लाल काढायचे. पुढे तिकडे विलायतेत लोक दिवे पेटवायला कोळशातून गॅस काढू लागले. मागे उरायचं काळंकुट्ट, घाणेरडं डांबर. त्यातल्याच एका पदार्थापासून तापावरचं औषध करू बघणाऱ्या कुणा विद्यार्थ्याला भांड्याच्या तळाशी जांभळा रंग सापडला. मग लालसर मजेंटा आला, निळा आला. हंडा थंडावला आणि हंडेवाल्याचा मुलगा कारखान्यात लागला.

लघवी पहिल्यांदा गुलाबी झाली तेव्हा ते हबकले होते. मुकादम हसला होता. "घाबरतोस काय? आता तू आमच्यातला झालास." शेडमध्ये सगळ्यांचंच तसं होई, त्यामुळे कुणी चौकशी करत नसे. पुढे मुकादम मूत्राशयाच्या दुखण्याने गेला. त्याच्या मागोमाग त्याचा जोडीदारही. दोघंही शेवटपर्यंत रंगच म्हणत राहिले.

"लहानपणी मला जादू दाखवायचात, आठवतं?" लेकीने मोरी साफ करायच्या कॉस्टिकचा डबा पुढ्यात ठेवला. "पेल्यात गुलाबी पाणी. थेंबभर कॉस्टिक टाकलं की रंग गायब. मी टाळ्या पिटायचे."

"ते खेळ होते, बाई."

"मग खेळू या."

त्यांनी अडवलं नाही. कॉस्टिकपुढे मजेंटा टिकत नाही, हे त्यांच्याइतकं त्या घरात कुणाला ठाऊक होतं? तिने बाटलीतलं थोडं पेल्यात ओतलं, वर कॉस्टिकचं पाणी सोडलं आणि काचेच्या कांडीने ढवळलं. दोघं वाकून बघत राहिले. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

रंग उडाला नाही. मळकट तपकिरी होऊन पेल्यात तसाच राहिला.

"अजून टाक," ते म्हणाले.

तिने टाकलं. काही फरक पडला नाही.

"बाबा, हे रक्त आहे."

ते उठले. गोदामाची किल्ली त्यांनी खिळ्यावरून काढली, क्षणभर तळहातावर तोलली आणि परत अडकवली. मग बाटलीचं बूच घट्ट लावून ती फडक्यात गुंडाळली.

"दवाखान्यात ना? मी येते. थांबा, चप्पल घालते."

बाटली छातीशी धरून ते उंबरा ओलांडून दवाखान्याच्या वाटेला लागले.